जिताड्याचा आयरिश भाऊबंद

२८ एप्रिल २०२५, सोमवार. ॲथलोनमध्ये सुनेत्रा नाखवाच्या दारात सकाळी साडेदहाला एक लांबुडकं पार्सल येऊन पडलं. किंमत, टपालखर्चासह, ८७ युरो ४० सेंट. आत दोन तुकड्यांत जोडायची गळाची काठी होती, तिला बसवायचं रीळ होतं, शिशाच्या डोक्याचे दोन डझन पिवळे-हिरवे गळ होते आणि एका डबीत रबरी अळ्या.

हाच माल गावातल्या दुकानात घेतला असता तर वीसएक युरो सहज वाचले असते. पण ते दुकान म्हणजे मासेमारीच्या क्लबातल्या मंडळींचा अड्डा. सुनेत्रा तिथे पाऊल ठेवती, तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं की सात पिढ्यांची कोळीण आयुष्यातली पहिली गळाची काठी विकत घेतेय. म्हणून पार्सल. गळ आणि अळ्या तिने स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये डाळींच्या डब्यांमागे ढकलल्या. कपाटाला प्रेस म्हणायची सवय तिला इथे येऊन सात वर्षांत लागली होती. काठी इस्त्रीच्या टेबलामागे उभी केली.

तिचा नवरा चैतन्य सरकारी इस्पितळात डॉक्टर. दोन दिवस रात्रपाळी करून आला तरी त्याची नजर नेमकी तिथेच गेली.

"हे काय?"

"पडद्याचा रॉड."

"पडद्याला रीळ लागतं?"

सुनेत्राने कांदा चिरायला घेतला. चैतन्य हसला आणि जाऊन झोपला. मुळात या भानगडीत त्याचाही हात होताच.

सुनेत्राचं माहेर रेवदंड्याजवळचं थेरोंडा. वडिलांची सहा खलाशांची होडी. त्यांच्या घरात कामाची वाटणी पक्की होती: मासे पुरुषांनी आणायचे, बायकांनी विकायचे. होडी किनाऱ्याला लागली की बाप्यांचं काम संपलं आणि बायांचं सुरू झालं. सुनेत्रा सातवीपासून सुट्टीच्या दिवशी आई शोभनाबाईच्या शेजारी अलिबागच्या बाजारात बसली. पुढे बी.कॉम. झाली, तेव्हाही परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पाटीमागे हजर. कल्ला उचलून रंग बघायचा, पोटावर बोट दाबायचं, डोळ्यात डोळा घालून पाहायचं, हे तिला कुणी शिकवलं नाही. ते अंगात मुरलं. मासा हातात न घेता वजन सांगायची, आणि काट्यावर दहा-वीस ग्रॅमच्या पलीकडे फरक निघत नसे.

पण मासा पाण्यातून बाहेर कसा येतो, हे काही तिला ठाऊक नव्हतं. होडीत ती आयुष्यात एकदाच बसली. नारळी पुनवेला, सजवलेल्या होडीत, पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांचा विषय घरात अजून निघतो.

ॲथलोनला आल्यावर पहिली तीन वर्षं मुलगी पूर्वी लहान म्हणून गेली. मग सुनेत्राने शनिवारच्या बाजारात एक टेबल आणि तंबू टाकला आणि माशाचं कालवण-भात विकायला सुरुवात केली. गॉलवेहून गुरुवारी माशांची गाडी यायची. तिथला पोरगा सुरुवातीला तिला बर्फाखालचा माल द्यायचा. तिने एक-एक कल्ला उचलून, एक शब्द न बोलता, अकरा मासे बाजूला काढले. पुढच्या गुरुवारपासून तो तिला बघितलं की खालची पेटी स्वतःच वर काढायला लागला.

भानगड झाली फेब्रुवारीत. मासेमारी क्लबचा सेक्रेटरी नोएल, निवृत्त पोस्टमन, तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. वाटीच्या तळाला पाव फिरवत तो म्हणाला, "असं कालवण करणारी बाई स्वतः मासे धरत असणार."

मागे रांगेत सहा जण उभे होते. तव्यावर बांगडे उलटायला आले होते. सुनेत्राने मान वर न करता म्हटलं, "लहानपणापासून."

एवढंच. तेवढ्यावर गाडी थांबली असती, पण त्या दिवशी चैतन्यला सुट्टी होती आणि तो गल्ल्यावर बसला होता. "आमचं आडनावच नाखवा," तो अभिमानाने म्हणाला. "म्हणजे होडीचा मालक. आणि हिच्या माहेरी तर सात पिढ्या हाच धंदा."

सात हा आकडा त्याने कुठून आणला ते त्यालाच माहीत. सुनेत्राला पणजोबांच्या पलीकडचं नाव सांगता आलं नसतं.

मार्चच्या क्लबपत्रिकेत पळी धरलेल्या सुनेत्राचा फोटो आला, खाली सात पिढ्यांसकट. त्यापाठोपाठ नोएल प्रस्ताव घेऊन आला. ऑगस्टमध्ये क्लबचा दोन दिवसांचा मेळावा असतो. रोज एकशे तीस माणसांचं जेवण. आजवर सॉसेज आणि चिप्स; या वर्षी तिचं कालवण ठेवावं असं काहींचं मत आहे. "८ जूनला सभासदांचा होड्यांचा दिवस. संध्याकाळी कमिटी ठरवेल. तू मॅटीच्या होडीत बस. सगळ्यांना तो सात पिढ्यांचा हात बघायचाय."

सुनेत्राने मान डोलावली. दुसरं काय करणार?

ऑर्डर मोठी होती. ती मिळाली तर तंबू-टेबलाऐवजी जुनी का होईना, चाकांवरची गाडी घेता आली असती. पण तिची झोप उडाली ती गाडीपायी नाही. शोभनाबाईचा बाजारात एकच दंडक होता: शिळ्या मासळीला ताजी म्हणायचं नाही. कमी भावाने द्या, फुकट द्या, पण ताजी म्हणायचं नाही. या गावात सुनेत्राने जी पत कमावली ती याच दंडकावर. आणि आता तिने शिळा माल ताजा म्हणून विकला होता, आणि तो माल ती स्वतःच होती. ८ जूनला सगळ्या क्लबासमोर कल्ला उचलला जाणार होता.

तेव्हा तिने बी.कॉम.च्या शिस्तीने अभ्यास सुरू केला. इंटरनेटवर शोधता शोधता लाल टोपीवाला एक कॅनेडियन गृहस्थ सापडला. त्याने पाण्यातून एक मासा काढला, कॅमेऱ्यासमोर धरला, आणि सुनेत्रा खुर्चीत सावरून बसली. लांबट सोनेरी अंग, उतरतं कपाळ, आणि काचेसारखे चमकणारे डोळे. हा तर जिताडा. अगदी जिताडा नसला तरी त्याचा चुलत भाऊ. अलिबाग-पेणकडे जिताड्याचा मान काय सांगावा; जावई आला की आधी तळ्यावर माणूस जातो. या माशाला तिकडे वॉलआय म्हणतात, थंड पाण्याच्या तळ्यांत आणि नद्यांत राहतो, असं टोपीवाला म्हणाला. ॲथलोनला शॅनन नदी आहे, लॉख रीचा तलाव आहे, थंडीला तर तोटाच नाही. सुनेत्राने पुढे काही विचारलं नाही. ओळखीचा चेहरा दिसल्यावर कोण पत्ता विचारतं?

तिने एका वहीत समास आखून टिपणं काढली. खोली. वेळ. रंग. वेग. शिसं तळाला टेकू द्या, काठीचं टोक वीतभर उचला, सोडा, तीन आकडे मोजा. चाळीस व्हिडिओ बघून तिने बेचाळीस पानं भरवली. मग घरामागच्या हिरवळीवर बादली ठेवून गळ फेकायचा सराव सुरू केला. पहिल्या आठवड्यात बादलीत एकही पडला नाही. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या कुंपणापलीकडे काहीतरी घट्ट लागलं.

"मम," पूर्वी खिडकीतून म्हणाली, "दॅट्स मिसेस किओज बेडशीट."

रविवारी आईचा फोन आला. सुनेत्राने तिला सगळं सांगितलं, कारण आईपासून लपवलेलं टिकत नाही.

"होरीन बसनार तू?" शोभनाबाईने विचारलं.

"हो, आये."

"पुनवेला बसलीस तवा माज्या नव्या लुगऱ्यावर वकलीस."

"तेव्हा मी नऊ वर्षांची होते."

"पोट तेच हाय ना?" मग आई म्हणाली, "म्हावरं गावंल नाय तं नाय गावंल, ते म्हावऱ्याच्या मर्जीवर. पन तू काय बोललीस, ते तुज्या मर्जीवर होतं गो बाय."

८ जूनचा रविवार ढगाळ उजाडला. वहीप्रमाणे ढग म्हणजे उत्तम. सुनेत्राने उलटीची गोळी घेतली, वर आल्याचा तुकडा चघळला आणि लॉख रीच्या काठी कूसन पॉइंटच्या धक्क्यावर गेली. नऊ होड्या निघाल्या. मॅटी हा बहात्तर वर्षांचा निवृत्त बसड्रायव्हर. पॅसेंजरशी बोलू नये हा नियम त्याने निवृत्तीनंतरही पाळला होता. तिला तरंगजाकीट दिलं, बसायची फळी दाखवली आणि इंजिन सुरू केलं.

तलावातल्या हेअर आयलंड बेटाच्या आडोशाला आल्यावर सुनेत्राने काठी जोडली, पिवळा गळ अडकवला आणि जाणकाराच्या सुरात विचारलं, "इथे वॉलआय किती खोलीवर असेल?"

मॅटीने इंजिन बंद केलं. "काय म्हणालीस?"

"वॉलआय."

"अमेरिकेतला?"

"इथला."

"मिसेस," मॅटी सावकाश म्हणाला, "या तलावात वॉलआय नाही. शॅननमध्ये नाही. अख्ख्या आयर्लंडात नाही. वॉलआय धरायचा तर आधी विमानाचं तिकीट काढावं लागेल."

पाणी होडीच्या बुडाला चुळुकचुळुक लागत होतं. सुनेत्राच्या जिभेवर एक वाक्य आलं: आमच्याकडे दुसऱ्याच माशाला वॉलआय म्हणतात. चांगलं वाक्य होतं. खपलंही असतं. पण एका खोट्याला टेकू म्हणून तिने ८७ युरो ४० सेंट घातले होते, बेचाळीस पानं घातली होती, आणि शेजारणीची चादर फाडली होती. दुसऱ्याला टेकू द्यायची तिच्यात ताकद उरली नव्हती.

तिने सगळं सांगितलं. रांग, बांगडे, चैतन्य, टोपीवाला, पार्सल, बादली, क्रमाने. मॅटीने टोपी काढून डोकं खाजवलं.

"होडीत कधी बसली होतीस?"

"एकदा. पंधरा मिनिटं."

"आणि?"

"आईच्या नव्या साडीवर ओकले."

मॅटीने स्वतःच्या पँटकडे बघितलं आणि फळीवर वीतभर मागे सरकला. "नोएलला माहीत आहे?"

"नाही. संध्याकाळी सांगणार आहे. कमिटी बसायच्या आधी."

"ग्रँड," मॅटी म्हणाला. आयर्लंडात ग्रँड म्हणजे उत्तम, बरं, चालेल आणि मेलो, यांपैकी काहीही. या वेळचा ग्रँड कुठला, ते तिला कळलं नाही. पण त्याने चाकू काढून दोरी कापली, तिचा गळ बाजूला ठेवला आणि आपल्या डबीतला करंगळीच्या पेराएवढा बांधायला घेतला.

"तुझा तो टोपीवाला चुकीचं सांगत नाही," गाठ ओढत तो म्हणाला. "वॉलआय आणि आमचा पर्च एकाच घराण्यातले. पर्च लहान, पण खोड तीच. समोरून काही लंगडत गेलं की त्याला राहवत नाही. फक्त तू हत्तीचा घास लावलास." मग बऱ्याच वेळाने, पाण्याकडे बघत: "मी अठ्ठावन्न वर्षं मासे धरतोय. चाखला एकही नाही."

"म्हणजे?"

"मला मासा आवडत नाही."

"मग धरता कशाला?"

"रविवारी घरी बायकोचे भाऊ येतात."

पहिला तास नुसतं शेवाळ आलं. शिसं तळाला टेकायचं, टोक वीतभर वर, सोडायचं, एक, दोन, तीन. पोट गप्प होतं; श्रेय आल्याचं की गोळीचं, ते सांगता येत नाही. मग काठीला दोन बारीक टिचक्या बसल्या आणि टोक वाकलं.

"धोंड्यात अडकला," सुनेत्रा म्हणाली.

"धोंडा उलटा ओढत नाही," मॅटी म्हणाला. "गुंडाळ."

तिने रीळ गुंडाळलं. टोपीवाल्याचं एक अक्षर आठवलं नाही. पाण्यात आधी हिरवट काहीतरी उजळलं, मग काळे पट्टे दिसले, मग शेंदरी पर, आणि वीतभर मासा होडीच्या काठावरून आत आला, फडफडत, पाठीवरचे काटे उभारून. मॅटीने फडकं पुढे केलं. सुनेत्राने ते घेतलंच नाही. तिचा तळवा आपोआप माशाच्या डोक्याकडून शेपटीकडे घसरला, काटे मिटत गेले, आणि मासा तिच्या मुठीत गप्प झाला.

मॅटीने आपला अंगठा पुढे करून दाखवला. त्यावर जुन्या टोचण्यांचे ठिपके होते. "हे मला अठ्ठावन्न वर्षांत जमलं नाही," तो म्हणाला. "हात तुझा कोळणीचाच आहे. बाकीची तू नसशील."

सुनेत्रा ऐकत नव्हती. सवयीने तिने कल्ला उचलायला बोट नेलं होतं, आणि बोट लागायच्या आधीच कल्ला आपणहून उघडला. मिटला. परत उघडला. आत लाल, ओला, जिवंत. आयुष्यात तिने लाखभर कल्ले उचलले असतील. रंग बघून भाव ठरवला असेल. कल्ला हलतो हे तिला माहीत होतं, पण ते पुस्तकात असतं तेवढंच. ती बघतच राहिली.

"ठेवायचा की सोडायचा?" मॅटीने विचारलं. "इथे दिवसाला चारच ठेवता येतात. आणि पंचवीस सेंटिमीटरच्या वरचा ठेवायचा नाही."

"वरचा सोडायचा? मोठा?"

"मोठा परत पाण्यात."

हे गणित काही तिच्या बाजारात बसणारं नव्हतं. पहिला मासा तेवीस भरला, तिने ठेवला. तिच्या सांगण्यावरून मॅटीने त्याच्या डोक्यावर लाकडाचा एकच टोला हाणला. त्यानंतर दुपारपर्यंत आणखी तीन त्याच मापाचे आले. आणि चारच्या सुमाराला काठी अशी वाकली की मॅटीसुद्धा उठून उभा राहिला. हा पर्च पाठीला कुबड आल्यासारखा जाडजूड, हातभर नाही पण पाऊण हात खरा.

"साडेसहाशे ग्रॅम," सुनेत्रा म्हणाली.

मॅटीने काट्याला लावला. सहाशे चाळीस. त्याने काट्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"सोड आता."

तिने होडीच्या काठावरून दोन्ही हात पाण्यात घातले. असा मासा अलिबागला पाटीवर ठेवला असता तर तिसरं गिऱ्हाईक यायच्या आत गेला असता. इथे त्याने कल्ला एकदा उघडला, दोनदा उघडला, आणि निघून गेला. भाव विचारायलासुद्धा थांबला नाही. सुनेत्राला हसू आलं.

संध्याकाळी धक्क्याजवळच्या क्लबघरात चाळीसएक माणसं जमली. कमिटी टेबलामागे बसली. नोएल उभा राहिला आणि "आपल्यात आज सात पिढ्यांच्या—" एवढं म्हणतोय तोच सुनेत्रा उठली.

"नोएल, थांबा. मी आज पहिल्यांदा मासा धरला. याआधी कधीच नाही. आमच्या घरी बायका मासे विकतात, पुरुष धरतात. तुम्ही विचारलंत तेव्हा रांग होती आणि मी खोटं बोलले. सात पिढ्या माझ्या नवऱ्याच्या मनातल्या आहेत. जेवणाचं तुम्ही काय ते ठरवा, पण हे ऐकून ठरवा."

नोएलचे कान लाल झाले. मागून कुणीतरी गंभीरपणे विचारलं, "माशांबद्दल खरं बोलणारं माणूस क्लबात घेता येतं का? घटनेत बसतं?"

"तिला बसू द्या," दुसरा म्हणाला, "पण मग माझा गेल्या वर्षीचा पाइक मासा किती लांब होता ते मी आज सांगणार नाही."

हशा पिकला. नोएल मात्र हसला नाही. "मी ते छापलंय," तो म्हणाला. "एकशे चाळीस प्रती."

"पुढच्या अंकात दुरुस्ती छापा. मजकूर मी लिहून देते."

"आणि वजनाचं काय?" मॅटी जागेवरूनच म्हणाला. चारचौघांतलं त्याचं हे आजवरचं सर्वात मोठं भाषण ठरलं. "तिने नजरेने साडेसहाशे सांगितले, काट्यावर सहाशे चाळीस. या क्लबात नजरेने वजन सांगणारे सगळेच आहेत. दुपटीच्या आत आलेली हीच पहिली."

कमिटी बंद दाराआड गेली तेव्हा सुनेत्राने तिथल्या शेगडीवर तिचे चार पर्च तळायला घेतले. मीठ, हळद, आगरी मसाला आणि रवा. डबा पिशवीत होताच. वास सुटला तशी माणसं उठून शेगडीभोवती आली. चार माशांचे चाळीस तुकडे करणं तिला जड नव्हतं. वाटे घालायचं काम जन्माचं. मॅटीने शेपटीकडचा तुकडा घेतला, नखाएवढा घास बराच वेळ चावला, "ग्रँड," म्हणाला आणि उरलेला क्लबच्या कुत्र्याला दिला. हा ग्रँड कुठला, ते तिला बरोबर कळलं.

कमिटीचा निर्णय आला: शनिवारचं जेवण सुनेत्राचं, रविवारी सॉसेज आणि चिप्स. सॉसेजवाल्याचा मेहुणा कमिटीवर होता, हे कुणी बोललं नाही आणि सगळ्यांना माहीत होतं. अर्ध्या ऑर्डरीत गाडी काही येत नाही, पण नवा तंबू येतो. नोएलने तिचा हात हातात घेतला आणि थोडा जास्तच जोरात दाबला. राग आणि माफी एकाच दाबात उरकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आईला पहिल्या माशाचा फोटो पाठवला. पाच मिनिटांत फोन आला.

"कल्ले लाल हायत. कितीला दिलास?"

"दिला नाही, आये. खाल्ला. चाळीस जणांनी."

"फुकट?"

"फुकट."

"आनि वकलीस?" शोभनाबाईने विचारलं.

"नाही."

"मंग ठीक," आई म्हणाली आणि फोन ठेवला, कारण तिकडे संध्याकाळच्या बाजाराची वेळ झाली होती.

क्लबची सभासद म्हणून सुनेत्राचं नाव त्याच रविवारी संध्याकाळी नोंदलं गेलं. वर्षाची वर्गणी पंचवीस युरो. तिच्या पर्समध्ये वीसची एक नोट निघाली. पाच युरो बाकी आहेत.